श्वास : मठातून माजघरात



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल, की वक्ता आता आपणा सर्वांना नाक धरून बसवणार. तसे भय बाळगण्याचे कारण नाही. मी योगी नव्हे. इतिहासाचा एक साधा अभ्यासक आहे. रोजच्या धकाधकीत जीव आवळून आला म्हणजे श्वास जाणीवपूर्वक संथ करावा, त्याने मन थाऱ्यावर येते, ही गोष्ट आज डॉक्टर सांगतात आणि घरातली आजीही सांगते. ही गोष्ट आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली, वाटेत तिच्यावर कोणती पुटे चढली, ती कोणी खरवडून काढली आणि अखेर हाती काय उरले, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

१. ‘दमानं घे’

आरंभ आपल्या बोलीपासूनच करू. बाजारात दोन माणसे हातघाईवर आली, की तिसरा मध्ये पडून म्हणतो, “दमानं घ्या, दमानं.” चढ चढून आलेल्या पाहुण्याला आपण “जरा दम खा” म्हणतो आणि उतावळ्या पोराला “दम धर” असे बजावतो. या शब्दाला दोन कुळे आहेत. फारसीत दम म्हणजे श्वास. संस्कृतात दम म्हणजे इंद्रियांचा निग्रह. ही दोन्ही कुळे मराठीत एकत्र नांदली. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथल्या कचेरीत आणि बाजारात दोन्ही भाषा शेजारी शेजारी वावरत होत्या. त्यामुळे श्वास आणि धीर या दोहोंना एकच शब्द असावा, यात आपल्याला कधी नवल वाटले नाही.

आणखी एक गंमत पाहावी. काळजीचे आपले शब्द अडलेल्या श्वासाचे आहेत : श्वास रोखून पाहणे, ऊर धपापणे, घुसमट होणे. सुटकेचे शब्द मात्र सोडलेल्या श्वासाचे आहेत : सुस्कारा टाकणे, सुटकेचा निःश्वास सोडणे, आणि सर्वांत छोटा म्हणजे नुसते ‘हुश्श’. श्वास घेतल्याने नव्हे, सोडल्याने माणूस मोकळा होतो, हे बोलीला फार पूर्वीपासून ठाऊक होते. हा धागा आपण हाती धरून ठेवू. शेवटी तो कामास येईल.

२. लेणे, सूत्र आणि मठ

धाराशिव शहराजवळ बालाघाटाच्या कड्यात कोरलेली लेणी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असतील. ती मुळात बौद्ध की जैन, हा वाद विद्वानांनी करावा. आपल्या विषयापुरते एवढे पुरे, की शेदीडशे पिढ्यांच्या नव्हे तरी दीड हजार वर्षांच्या आसपासच्या त्या अंधारात मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, निश्चल बसलेल्या मूर्ती आहेत. स्थिर बसणे ही एक विद्या आहे, असे मानणारा समाज या डोंगरात वावरून गेला, याची ती साक्ष होय.

त्या विद्येचे सूत्ररूप पतंजलीच्या योगसूत्रांत सापडते. पतंजलीच्या काळाविषयी एकमत नाही. परंतु तो दीड हजार वर्षांहून अलीकडचा नव्हे, असे सामान्यतः मानतात. मन विखुरले म्हणजे त्याच्याबरोबर काय काय येते, याची एक यादी त्याने पहिल्याच पादात दिली आहे. दुःख येते, खिन्नता येते, अंगाला कंप सुटतो आणि श्वासोच्छ्वास बिघडतो. ही यादी वाचताना एखाद्या दवाखान्यातील रोग्याचे टिपण वाचल्यासारखे वाटते. थोडे पुढे चित्त प्रसन्न करण्याचे जे अनेक पर्याय त्याने सांगितले, त्यांत एक पर्याय श्वास बाहेर टाकून थांबण्याचा आहे. तेथेही भर बाहेर टाकण्यावर आहे, हे लक्षात ठेवावे.

पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्माराम याने ‘हठप्रदीपिका’ रचली. वारा हलला की मन हलते, वारा स्थिर झाला की मन स्थिर होते, हा तिचा सिद्धांत. त्याबरोबरच तिने दिलेला इशारा पुष्कळ लोक विसरतात. सिंह, हत्ती, वाघ यांना जसे हळूहळू माणसाळवतात तसाच प्राण हळूहळू वश करावा, नाही तर तो साधकाचाच घात करतो, असे ग्रंथकाराने स्वच्छ म्हटले आहे. 

हठयोगाच्या परंपरेने श्वासांची गणतीही केली होती. एका अहोरात्रात माणूस एकवीस हजार सहाशे श्वास घेतो, असा त्यांचा हिशेब. दिवसाची मिनिटे चौदाशे चाळीस. भागाकार केला तर मिनिटाला बरोबर पंधरा श्वास येतात. आजचे वैद्यकशास्त्र विसावलेल्या प्रौढ माणसाला मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास देते. घड्याळ हाती नसलेल्या लोकांची ही मोजणी किती नेमकी होती, हे पाहून मान डोलवावीशी वाटते.

पण ही विद्या मठात होती, आणि मठाला दार होते. गुरूने शिष्याच्या कानात सांगावे, अधिकार पाहून सांगावे, असा तो रिवाज. त्या दाराला पहिला मोठा धक्का मराठीनेच दिला. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि त्यांच्याकडून ज्ञानदेवांकडे आलेला नाथपंथाचा ठेवा १२९० साली नेवाशास सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात लोकभाषेत उतरला. आसन, बंध, कुंडलिनीचा प्रवास, हे सगळे तिथे सामान्य श्रोत्यासमोर उघडे केले आहे.

३. घराघरांतले श्वास

मठातून बाहेर पडल्यावर या विद्येच्या दोन वाटा झाल्या.

पहिली वाट संध्येची. मुंज झाली, की मुलाला संध्येत प्राणायाम शिकवीत. म्हणजे गृहस्थाच्या घरात श्वासाचा अभ्यास रोजचा झाला. परंतु रोजचे झाले की यांत्रिक होते. शाळेची वेळ झालेली, ताटात भात निवत असलेला. अशा घाईत उजव्या हाताची बोटे नाकपुडीला लावावयाची, मंत्र भराभर पुटपुटावयाचा आणि उठावयाचे. ज्या क्रियेने घाई शमवावयाची तीच घाईने उरकण्यात येऊ लागली. दुसरा दोष याहून मोठा. ही वाट मुंज होणाऱ्यांचीच होती. घरातली आई, बहीण, अंगणातला कुंभार, शेतातला गडी यांच्यासाठी तिथे जागा नव्हती.

दुसरी वाट मात्र सर्वांची होती, आणि ती आपल्या जिल्ह्यातून जाते. तेर हे गाव गोरोबाकाकांचे. ग्रीक-रोमन व्यापारी ज्या ‘तगर’ नगराचा उल्लेख करीत ते हेच. या प्राचीन पेठेत एक कुंभार संत झाला, आणि त्याच्या परंपरेने हठयोगाची खटपट बाजूला ठेवून नाम हाती घेतले. नाम घेणाऱ्याला श्वास मोजण्याचे कारण नव्हते. परंतु भजनात उभे राहून अभंगाचे चरण लांबवून म्हणणाऱ्या माणसाचा श्वास काय करतो, ते पाहा. तो पटकन आत घेतला जातो आणि गाण्याबरोबर सावकाश, लांबवर बाहेर सोडला जातो. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या आयाबायांचेही तेच. ज्यांना प्राणायाम शिकवण्यास शास्त्राने नकार दिला, त्यांनी पहाटेच्या अंधारात रोज दीर्घ उच्छ्वासाचा अभ्यास केला. फक्त त्याला प्राणायाम हे नाव नव्हते.

हे नुसते भावनेच्या भरात बोलत नाही. इटलीतील पाव्हिया येथील लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना म्हणावयास लावली आणि एकदा ‘ॐ मणिपद्मे हुम्’ हा मंत्र. दोन्ही वेळी त्यांचे श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आले आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या लयी एकमेकींशी जुळल्या. धर्म दोन, भाषा दोन, श्वास एक.

मुसलमान सूफींनीही हे हेरले होते. औरंगाबादची पाणचक्की आपण सहलीला जाऊन पाहतो. बाबा शाह मुसाफिर यांचे ते स्थान नक्शबंदी पंथाचे. त्या पंथाच्या नियमांतला एक नियम ‘होश दर दम’ असा आहे. प्रत्येक श्वासात जागे असावे, हा त्याचा अर्थ. आपल्या ‘दमानं घे’ या उपदेशाचे ते दूरचे नाते म्हणावयास हरकत नाही.

४. लोणावळ्याचा कसोटीचा दगड

आता विसाव्या शतकात येऊ. इंग्रजी शिकलेल्या पिढीला योग म्हणजे एक तर थोतांड वाटे, नाही तर चमत्कार. दोन्ही पक्षांचे एका गोष्टीत एकमत होते : तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नव्हती.

नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी नावाचे योगी राहत. त्यांच्या दोन शिष्यांनी ही कोंडी फोडली. पहिले श्रीयोगेंद्र. त्यांनी १९१८ च्या डिसेंबरात मुंबईजवळ वर्सोव्याला योगाची संस्था काढली आणि संसारी माणसाला योग शिकवण्यास सुरुवात केली. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी डभोई येथला. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या तालमीत त्यांनी शरीर कमावले, पुढे अंमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाचे काम केले आणि माधवदासजींकडून योग घेतला. संस्कृतचा विद्यार्थी, आखाड्याचा पठ्ठ्या आणि योग्याचा शिष्य, असा हा तिहेरी माणूस होता. त्याला एक चौथी खोड होती : गुरूने सांगितलेले खरे असेल तर ते यंत्राला दिसलेच पाहिजे, असा त्याचा हट्ट.

बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचे क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने परीक्षण केले. १९२४ च्या ऑक्टोबरात लोणावळ्याला ‘कैवल्यधाम’ सुरू झाले, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. त्याच्या अंकांत एका बाजूला प्रयोगशाळेतील मोजमापे असत आणि दुसऱ्या बाजूला आसन-प्राणायामांची कृती. मठाच्या दाराला ज्ञानदेवांनी धक्का दिला होता. कुवलयानंदांनी त्या दारातून आत दिवा नेला.

दिवा नेला की जाळीजळमटेही दिसतात. प्राणायामाने रक्तात भरपूर प्राणवायू जातो आणि म्हणून तो गुणकारी, असे तेव्हा सर्रास सांगत, आजही सांगतात. कुवलयानंदांनी श्वासातील वायूंचे मापन केले. प्राणायामात मिनिटाकाठी शोषला जाणारा प्राणवायू नेहमीच्या श्वसनाहून अधिक नसतो, असे त्यांना आढळले. आणि ते त्यांनी छापले. प्राणायामाचे खरे मोल मज्जासंस्थेला वळण लावण्यात आहे, असा त्यांचा निष्कर्ष. विचार करा : ज्याचे सारे आयुष्य प्राणायामाच्या प्रसारास वाहिलेले, त्यानेच प्राणायामाच्या बाजूने सर्वांत लोकप्रिय असलेला दावा खोडून काढला. इतिहासाच्या दृष्टीने हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. भक्ती आणि सत्य यांचा सामना झाला तेव्हा या माणसाने सत्याला जागा दिली, आणि त्यामुळेच त्याची भक्ती टिकली.

कैवल्यधामाची कीर्ती लवकरच पसरली. १९२७ मध्ये महात्मा गांधींचा रक्तदाब वाढून ते आजारी पडले, तेव्हा त्यांनी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून योगोपचारांचा सल्ला घेतला. १९३५ साली फ्रान्समधील हृदयरोगतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस हृदयाचे स्पंदन टिपणारे यंत्र घेऊन हिंदुस्थानात आल्या. १९५७ मध्ये अमेरिकेतून वेंगर आणि बागची हे दोन शास्त्रज्ञ आले आणि लोणावळ्यासह ठिकठिकाणच्या योग्यांच्या परीक्षा त्यांनी घेतल्या. दिल्लीचे डॉक्टर आनंद यांच्यासह १९६१ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. नाडी बंद करून दाखवणाऱ्या योग्यांचे हृदय प्रत्यक्षात थांबलेले नव्हते. छाती-पोटाचे स्नायू आवळून हृदयाकडे येणारे रक्त ते कमी करीत, त्यामुळे मनगटावरची नाडी लागेनाशी होई. आणखी एक चमत्कार गळून पडला. १८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंद निवर्तले, तेव्हा योगाची चर्चा चमत्काराच्या अंगणातून मोजमापाच्या ओसरीवर येऊन बसली होती.

५. गाळून उरलेले

आता इतके सगळे गाळल्यावर उरले काय?

प्रथम ताण म्हणजे काय ते पाहू. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की भय वा क्रोध उत्पन्न झाला की शरीर लढण्याची किंवा पळण्याची सिद्धता करते. काळीज धडधडते, श्वास उथळ व जलद होतो, स्नायू ताठरतात. पुढे मॉन्ट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी १९३६ पासून संशोधन करून सांगितले, की ही सिद्धता दीर्घकाळ चालू राहिली तर शरीरच झिजते. रानात वाघ समोर आला तर ही सिद्धता जीव वाचवते. परंतु सावकाराची चिठ्ठी, मुलीचे लग्न, साहेबाचा शेरा यांच्यापासून पळताही येत नाही आणि त्यांच्याशी कुस्तीही खेळता येत नाही. शरीर मात्र कंबर कसून उभेच राहते.

हृदयाची गती, पचन, घाम या गोष्टी आपल्या हुकमात नाहीत. श्वास तेवढा दुहेरी आहे : आपोआप चालतो आणि हवा तेव्हा हाती धरता येतो. बंद घराची ही एकच खिडकी बाहेरून उघडते. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि बाहेर सोडताना मंद होतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्येच हे नोंदले होते. उच्छ्वासाच्या वेळी मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या एका लांब मज्जातंतूचा लगाम अधिक आवळला जातो, म्हणून असे घडते. उच्छ्वास लांबवला, की लगाम अधिक वेळ हाती राहतो. बोलीतल्या ‘हुश्श’चे हेच रहस्य.

प्राणवायूचा हिशेबही एकदा करून टाकू. माणूस एका श्वासात साधारण पाचशे घनसेंटिमीटर हवा घेतो. त्यातली सुमारे दीडशे नाक, घसा, श्वासनळी यांतच राहते. फुप्फुसाच्या कामी साडेतीनशे येते. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर कामी आलेली हवा सव्वापाच लिटर. आता श्वास सहाच घेतले, पण प्रत्येकी हजार घनसेंटिमीटरचे, तर कामी येते पाच लिटर शंभर. म्हणजे जवळजवळ तितकीच. संथ श्वासाने हवा अधिक मिळत नाही. तेवढीच हवा कमी धावपळीत मिळते. उलट काळजीने घेतलेले तीस उथळ श्वास प्रत्येकी अडीचशेचे धरले, तर कामी जेमतेम तीन लिटर येते. कुवलयानंदांच्या म्हणण्याचा अर्थ या तीन आकड्यांत उतरतो.

कृती सांगण्यास एक मिनिट पुरते. भिंतीला पाठ टेकून बसावे. एक हात पोटावर ठेवावा. नाकाने सावकाश श्वास घ्यावा, पोट हलके वर येऊ द्यावे. मनात चार आकडे मोजावे. मग सहा आकडे मोजीत तो सोडावा. जोर करू नये, कोंडून ठेवू नये. पाच मिनिटे पुरेत. जुन्या ग्रंथांत पूरक, कुंभक, रेचक यांचे एकास चार, चारास दोन असे प्रमाण आहे. त्यातला कुंभक गृहस्थाने गुरूवाचून करू नये. जोरजोराने व भराभर श्वास घेतल्यास रक्तातील कर्बवायू उतरून चक्कर येते, हातापायांना मुंग्या येतात. ज्यांना हृदयाचा वा दम्याचा विकार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून पुढे जावे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एकशे आठ माणसांवर झालेला एक प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. महिनाभर रोज पाच मिनिटे लांब उच्छ्वासाचा अभ्यास करणाऱ्यांच्या मनाची प्रसन्नता, तेवढाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा अधिक वाढलेली दिसली. लाभ बेताचा आहे, पण आहे.

६. श्वासाची मर्यादा

भगिनींनो आणि बंधूंनो, इथेच थांबलो असतो तर व्याख्यान गोड झाले असते. परंतु धाराशिव जिल्ह्यात बसून हा विषय बोलणाऱ्याला तसे थांबता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजावयास काही मिनिटे असताना, किल्लारीची आणि आपल्या जिल्ह्यातील सास्तूरची जमीन हादरली. गणपती बोळवून लोक नुकतेच निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद, असे तेव्हाचे दोन जिल्हे मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. जे वाचले त्यांच्यापैकी कित्येकांना पुढे छपराखाली झोप येईना. अशा माणसाला पहिल्याच दिवशी “दीर्घ श्वास घ्या” म्हणणे हा उद्धटपणा झाला असता. त्याला आधी पाणी, पांघरूण, हरवलेल्या माणसांची बातमी आणि डोक्यावर न कोसळणारे छप्पर पाहिजे होते. श्वासाची पाळी त्यानंतरची.

दुष्काळाचेही तसेच. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे. गेल्या दशकातला आपण स्वतः पाहिला. कर्जाखाली दबलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हा जिल्हा हादरला, तेव्हा सरकारने २०१५ मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबाद येथे बळीराजा चेतना अभियान सुरू केले. या प्रश्नाला श्वास हे उत्तर नव्हे. श्वास कर्ज फेडीत नाही, विहिरीला पाणी आणीत नाही, सोयाबीनला भाव देत नाही. “तुझा ताण तुझ्या श्वासात आहे” असे सांगून त्याच्या सातबाऱ्याकडे पाठ फिरवणारा माणूस योगाचा मित्र नव्हे आणि शेतकऱ्याचाही नव्हे.

मग श्वास काय देतो? तो थोडा अवकाश देतो. रात्री दोन वाजता, अंथरुणावर उठून बसलेल्या माणसाला कोंडीतून दुसरी वाट दिसेनाशी होते. पाच मिनिटांच्या संथ उच्छ्वासाने कोंडी सुटत नाही; पण काळजाची धडधड थोडी उतरली, तर बायकोला हाक मारण्याचे, शेजाऱ्याचे दार ठोठावण्याचे, सरकारच्या ‘टेली-मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या दूरध्वनीवर बोलण्याचे त्याला सुचू शकते. आत्मघाताची लाट बहुधा येते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत माणसाला सोबत पाहिजे. त्या सोबतीपर्यंत पोचण्याइतका दम मिळाला, तरी पुष्कळ झाले.

मठाने ही विद्या अधिकाऱ्यांसाठी जपली, संध्येने ती मुंज झालेल्यांना दिली, अभंगाने आणि ओवीने ती नाव न घेता सर्वांना वाटली, आणि लोणावळ्याने तिची परीक्षा घेतली. हाती राहिलेली वस्तू लहान आहे. ती विकत घ्यावी लागत नाही, आणि कोणाच्या धर्माला वा जातीला ती आड येत नाही. आता घरी जाल तेव्हा माजघरात कोणी काळजीने बसलेले असेल. त्याला उपदेश करण्याआधी जवळ बसा, काय झाले ते विचारा, सगळे ऐकून घ्या. मग आपल्या बोलीतला तो जुना शब्द उच्चारा : “दमानं घे. मी आहे.” त्यातला पहिला अर्धा भाग शास्त्राने सिद्ध केला आहे. दुसरा आपणच सिद्ध करावयाचा आहे.